टास्क मॅनेजरमध्ये ‘रिअलटाइम’ केलं, पण कॉम्प्युटरने ते खरंच ऐकलं का?

विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. ज्यांच्या जुन्या लॅपटॉपवर विंडोज ११ चढत नाही, त्यांच्यापैकी कुणी नवीन मशीनसाठी पैसे साठवतंय, कुणी लिनक्सकडे वळतंय, आणि बाकीचे आहे त्याच डब्यातून आणखी थोडा वेग निघतो का ते बघतायत. अशा वेळी एक जुनी टिप हमखास समोर येते. टास्क मॅनेजर उघडा, ‘डिटेल्स’मध्ये जा, गेमवर राइट क्लिक करा, ‘सेट प्रायोरिटी’मधून ‘रिअलटाइम’ निवडा. झालं, गेम सुसाट!

टिप करून बघणारे भरपूर असतात. पण तोच मेनू पुन्हा उघडून टिक नेमकी कुठे पडलीय, हे बघणारे फार थोडे. अकाउंटला ॲडमिनिस्ट्रेटरचे अधिकार नसतील, तर टिक ‘रिअलटाइम’समोर नसते, ‘हाय’समोर असते. विंडोजने मागणी परस्पर एक पायरी खाली आणलेली असते. ना एरर, ना ‘परवानगी नाही’ अशी सूचना. फक्त गुपचूप केलेला बदल.

हा प्रकार एकट्या विंडोजचा नाही. लिनक्स, अँड्रॉइड, मॅक, सगळीकडे प्रायोरिटीचे भरपूर आकडे दिलेले असतात आणि त्यातले सगळेच पाळले जात नाहीत. कुठे दहाचे पाच होतात, तर कुठे दहाचा शून्य. आणि सगळ्यात अडचणीची गोष्ट म्हणजे, ‘माझी प्रायोरिटी किती?’ असं विचारलं तर सिस्टिम कधीकधी तुम्हीच दिलेला आकडा जसाच्या तसा परत वाचून दाखवते.

थ्रेड म्हणजे काय आणि प्रायोरिटी कशाची?

टास्क मॅनेजरच्या ‘परफॉर्मन्स’ टॅबमध्ये ‘थ्रेड्स’ या शब्दाखाली हजारोंचा आकडा दिसतो. प्रत्येक प्रोग्राम आपलं काम छोट्या-छोट्या थ्रेडमध्ये वाटतो. ब्राउझरमध्ये एक थ्रेड पान रंगवतो, एक नेटवरून डेटा आणतो, एक आवाज सांभाळतो. यातले बहुतेक थ्रेड बहुतेक वेळ झोपलेले असतात. पण एकाच वेळी बरेच जण जागे झाले आणि प्रोसेसरचे कोअर चार-आठच असले, तर आधी कोण, हे ठरवावं लागतं. ते काम शेड्युलर करतो.

गावातला एका डॉक्टरचा दवाखाना डोळ्यासमोर आणा. आत डॉक्टर एक, बाहेर बाकावर पंधरा पेशंट, आणि दाराशी नावं पुकारणारा कंपाउंडर. चिठ्ठीवर ‘अर्जंट’ लिहून द्यायला कुणी अडवत नाही. पण कंपाउंडर ती चिठ्ठी वाचतो का, वाचली तर किती मानतो, आणि प्रत्येकानेच ‘अर्जंट’ लिहिलं तर काय करतो, हे त्याच्यावर असतं. शेड्युलर हा तो कंपाउंडर.

विंडोज: ४२ पर्याय, ३२ पायऱ्या

विंडोजमध्ये आतल्या पायऱ्या ३२ आहेत, ० ते ३१. शून्य ही पायरी सिस्टिमच्या एका खास थ्रेडसाठी राखीव आहे, जो रिकामी झालेली मेमरी पुसून ठेवतो. १ ते १५ या नेहमीच्या प्रोग्रामसाठी आणि १६ ते ३१ या ‘रिअलटाइम’साठी.

प्रोग्रामरला मात्र हा आकडा थेट देता येत नाही. आधी अख्ख्या प्रोसेसचा वर्ग ठरतो, असे सहा वर्ग आहेत. मग त्या वर्गात थ्रेडची पातळी ठरते, अशा सात पातळ्या आहेत. सहा गुणिले सात म्हणजे ४२ जोड्या, आणि त्या बसवायच्या ३२ पायऱ्यांवर. साहजिकच दाटीवाटी होते. ‘हाय’ वर्गातला ‘हायेस्ट’ थ्रेड आणि त्याच वर्गातला ‘टाइम क्रिटिकल’ थ्रेड, दोघेही १५ वरच जातात. नावं दोन, पायरी एक. कोडमध्ये एकाच्या जागी दुसरं लिहून ‘आता फरक पडला’ असं कुणी म्हणत असेल, तर तो फरक मनाचा.

टास्क मॅनेजर यातला फक्त वर्ग बदलतो. शिवाय हा बदल त्या वेळेपुरताच, गेम बंद करून पुन्हा सुरू केला की पहिले पाढे पंचावन्न.

आणि ॲडमिनच्या अकाउंटवरून ‘रिअलटाइम’ खरोखर मिळालंच तर? तर गेम अशा पायरीवर जातो जिथे विंडोजचे स्वतःचे बरेचसे थ्रेडसुद्धा नसतात. मायक्रोसॉफ्टच्याच तांत्रिक मार्गदर्शनात इशारा आहे की या वर्गातला प्रोग्राम जरा जास्त वेळ चालला तर माउस प्रतिसाद देईनासा होऊ शकतो आणि डिस्कवर लिहायचा डेटा अडकून राहू शकतो. म्हणजे जो गेम हलका व्हावा म्हणून ही खटपट केली, त्यातच माउस अडकायचा.

आणखी एक गोष्ट टिपवाले सांगत नाहीत. प्रायोरिटीने प्रोसेसरची ताकद वाढत नाही, फक्त रांगेतला नंबर बदलतो. गेम ग्राफिक्स कार्डमुळे, कमी रॅममुळे किंवा लॅपटॉप तापल्यामुळे अडखळत असेल, तर रांगेत पहिला नंबर लागूनही काही मिळत नाही.

जावाच्या दहा पायऱ्या: एकच कोड, तीन उत्तरं

आकडा दिला म्हणजे तो पाळला जाईल, या समजुतीची सगळ्यात मोठी फसगत जावा या भाषेत होते. बँकांच्या सर्व्हरपासून अँड्रॉइड ॲपपर्यंत जावा सगळीकडे आहे. तिच्यात प्रत्येक थ्रेडला १ ते १० अशी प्रायोरिटी देता येते. १ सगळ्यात कमी, ५ नेहमीची, १० सगळ्यात जास्त. कॉलेजच्या पुस्तकात हे असतं आणि परीक्षेत विचारलंही जातं.

आता हाच कोड विंडोजवर चालवला, तर जावा चालवणारी हॉटस्पॉट ही यंत्रणा दहा पायऱ्यांच्या पाच करते. १ आणि २ एकत्र, ३ आणि ४ एकत्र, ५ आणि ६ एकत्र, ७ आणि ८ एकत्र, ९ आणि १० एकत्र. एका थ्रेडला ५ आणि दुसऱ्याला ६ देऊन ‘दुसरा पुढे जाईल’ असं गृहीत धरणाऱ्याच्या हाती विंडोजवर काहीच लागत नाही.

तोच कोड लिनक्स सर्व्हरवर नेला, तर पायऱ्या उरतात शून्य. नेहमीच्या सेटिंगमध्ये हॉटस्पॉट लिनक्सला प्रायोरिटी कळवतच नाही. १ दिलेला थ्रेड आणि १० दिलेला थ्रेड सारखेच पळतात. आणि प्रोग्रामने थ्रेडला ‘तुझी प्रायोरिटी किती’ असं विचारलं तर उत्तर येतं, ‘१०’. कारण जावा तो आकडा स्वतःच्या वहीत लिहून ठेवते आणि त्या वहीतूनच वाचून दाखवते. खाली कर्नलपर्यंत ती विचारायला जात नाही. लॅपटॉपवर विंडोज, सर्व्हरवर लिनक्स, असं कामकाज असलेल्या टीममध्ये याचा परिणाम असा होतो की चाचणीत दिसलेला क्रम प्रत्यक्ष वापरात गायब होतो आणि चूक कुठेच सापडत नाही, कारण कोडमध्ये चूक नसतेच.

हॉटस्पॉट असं का करते? लिनक्समध्ये सामान्य वापरकर्त्याला स्वतःची प्रायोरिटी कमी करता येते, वाढवता येत नाही. वाढवायला विशेष अधिकार लागतात. दहापैकी अर्ध्या पायऱ्या चालणार आणि अर्ध्या नाही, यापेक्षा सगळंच बंद ठेवणं बनवणाऱ्यांना बरं वाटलं असावं. हे सुरू करायचं एक सेटिंग आहे, त्याची किंमत ० किंवा १ असते. १ दिलं की हॉटस्पॉट ‘तुम्ही रूट आहात का’ हे तपासायची. मग काही चलाख प्रोग्रामरांच्या लक्षात आलं की तपासणी फक्त १ या आकड्यासाठी आहे. त्यांनी तिथे ४२ लिहिलं. तपासणी टळली आणि निदान प्रायोरिटी कमी करायच्या पायऱ्या तरी चालू झाल्या. ही पळवाट पुढच्या आवृत्त्यांमध्ये बंद झाली. ती बरीच वर्षं वापरात होती, यावरूनच लोकांना ही सोय किती हवी होती ते कळतं.

तिसरं उत्तर अँड्रॉइडचं. अँड्रॉइडच्या पोटातही लिनक्सचाच कर्नल आहे, पण तिथे जावाच्या दहाही पायऱ्या वेगवेगळ्या उतरतात. १ ला लिनक्सच्या भाषेत १९, ४ ला १०, ५ ला ०, १० ला उणे ८, असा तक्ता ठरलेला आहे. म्हणजे कर्नलला जमत नव्हतं असं नाही. कुणाचं किती ऐकायचं, हे वरच्या थरातल्या माणसांनी ठरवलेलं धोरण आहे.

जावा २१ मध्ये, म्हणजे २०२३ साली, व्हर्च्युअल थ्रेड आले. त्यांची प्रायोरिटी कायम ५. बदलायचा प्रयत्न केला तर काहीच होत नाही. निदान हे तिथे स्पष्ट लिहून तरी ठेवलंय.

लिनक्सचा ‘नाइस’: इथे हिशेब चोख आहे

लिनक्समध्ये नेहमीच्या कामांसाठी ‘नाइस’ नावाचा आकडा असतो, उणे २० ते १९. आकडा जितका मोठा, तितका प्रोग्राम दुसऱ्यांशी ‘नाइस’, म्हणजे मागे राहणारा. एकूण ४० पायऱ्या, आणि या चाळीसही खऱ्या आहेत. प्रत्येक पायरीला कर्नलमध्ये वजन ठरलेलं आहे. ० चं वजन १०२४, १ चं ८२०, ५ चं ३३५, १० चं ११० आणि १९ चं फक्त १५. एकाच कोअरवर दोन कामं भांडत असतील, तर प्रोसेसरचा वेळ वजनाच्या प्रमाणात वाटला जातो. २०२३ मध्ये लिनक्स ६.६ सोबत शेड्युलरची पद्धत बदलली, पण वजनांचा हा हिशेब राहिला.

विंडोजशी इथे मूळचाच फरक आहे. विंडोजमध्ये वरच्या पायरीवरचा थ्रेड तयार असेल तर खालच्याला वेळ मिळतच नाही. फक्त तो साधारण चार सेकंद ताटकळला की सिस्टिम त्याला क्षणभर १५ व्या पायरीवर उचलते आणि पुन्हा खाली सोडते. लिनक्समध्ये खालच्याला वाटा कमी मिळतो, पण मिळतो. त्यामुळे ‘प्रायोरिटी एक पायरी कमी केली’ या वाक्याचा अर्थ दोन्हीकडे सारखा नाही.

लिनक्समध्ये रिअलटाइमच्या १ ते ९९ अशा वेगळ्या पायऱ्याही आहेत, पण त्या सामान्य वापरकर्त्याच्या हातात नसतात. शिवाय तिथेही बराच काळ एक मर्यादा चालत आली आहे. रिअलटाइम कामांना प्रत्येक सेकंदातले ०.९५ सेकंदच मिळायचे, उरलेला वेळ बाकीच्यांसाठी राखून ठेवलेला, म्हणजे एखादं रिअलटाइम काम बिघडलं तरी ते बंद करायला कीबोर्ड चालेल.

घरी तपासायचं कसं?

बहुतेक लोकांची चाचणी इथेच फसते. आठ कोअरचा लॅपटॉप, त्यावर दोन प्रोग्राम, एकाला जास्त प्रायोरिटी, एकाला कमी. दोघेही सारखेच पळतात. निष्कर्ष निघतो, ‘प्रायोरिटी चालत नाही’. पण दवाखान्यात आठ डॉक्टर आणि दोनच पेशंट असतील तर ‘अर्जंट’ चिठ्ठीचा प्रश्नच येत नाही. आधी गर्दी करावी लागते.

लिनक्सवर ‘टास्कसेट’ ही आज्ञा वापरून दोन्ही प्रोग्राम एकाच कोअरवर बांधायचे. प्रोग्राम साधेच हवेत, नुसते आकडे मोजत राहणारे. फाइल वाचणारा किंवा नेटवर थांबणारा नको, कारण तो अर्धा वेळ झोपलेलाच असतो. एकाला नाइस ०, दुसऱ्याला ५ द्या आणि ‘टॉप’ उघडून बघा. वाटा जवळपास ७५ आणि २५ टक्के दिसायला हवा, कारण १०२४ आणि ३३५ चं प्रमाण तेवढंच येतं. ५ ऐवजी १० केलं तर ९० आणि १०. एका पायरीचा फरक ठेवला तर साधारण ५५ आणि ४५, म्हणजे नुसत्या डोळ्यांना जाणवणारही नाही.

दोन्ही प्रोग्राम एकाच टर्मिनलमधून सुरू करायचे, हे महत्त्वाचं. २०११ पासून लिनक्समध्ये ऑटोग्रुप नावाची सोय आहे. ती चालू असली की आधी प्रत्येक टर्मिनलला सारखा वाटा मिळतो आणि नाइस फक्त त्या टर्मिनलच्या आतल्या भांडणात लागू होतो. दोन वेगळ्या खिडक्यांमधून चाचणी केली तर नाइस ० आणि नाइस १९ मध्येही ५०-५० निघू शकतं. आकडा बरोबर, आज्ञा बरोबर, परिणाम शून्य. कंटेनरमध्ये चालणाऱ्या प्रोग्रामचंही तेच. आधी गटाचा वाटा ठरतो, मग गटातला क्रम.

विंडोजवर हेच ‘सेट अफिनिटी’ने होतं. दोन्ही प्रोग्राम एकाच सीपीयूवर ठेवून एकाला ‘बिलो नॉर्मल’ करा. त्याचा मोजणीचा आकडा जवळजवळ थांबतो आणि मधूनच एक छोटा घास घेतल्यासारखा पुढे सरकतो. ती चार सेकंदांची दया नुसत्या डोळ्यांनी बघता येते.

मॅकवर पायऱ्यांची भाषाच वेगळी. २०१४ पासून ॲपल आकड्यांऐवजी कामाचा प्रकार सांगायला लावतं. समोर दिसणारं काम, वापरकर्त्याने सुरू केलेलं काम, नेहमीचं, निवांत चालणारं आणि पार्श्वभूमीतलं, असे पाच प्रकार. पण २०२० नंतरच्या एम मालिकेच्या चिपवर मोजायला गेलं तर मोठी भिंत एकाच ठिकाणी दिसते. पार्श्वभूमीतलं काम फक्त कमी ताकदीच्या कोअरवर जातं, वेगवान कोअर रिकामे बसले असले तरीही. वरच्या चारांना वेगवान कोअर मिळू शकतात. वापरकर्त्याला एखादं काम आज्ञा देऊन पार्श्वभूमीत ढकलता येतं. पण ॲपने स्वतःच पार्श्वभूमीतलं म्हणून जाहीर केलेलं काम बाहेरून उचलून वेगवान कोअरवर नेता येत नाही. मॅकचा बॅकअप संथ का चालतो, याचं एक उत्तर इथे आहे.

आकडा तंतोतंत पाळला, तरी?

४ जुलै १९९७ ला नासाचं पाथफाइंडर यान मंगळावर उतरलं. काही दिवसांनी त्याचा कॉम्प्युटर आपोआप रीसेट व्हायला लागला आणि प्रत्येक वेळी त्या दिवसाचं काही काम वाया जायला लागलं. यानात व्हीएक्सवर्क्स ही ऑपरेटिंग सिस्टिम होती, जी प्रायोरिटी काटेकोर पाळते. गडबड तिथेच झाली. हवामानाची माहिती गोळा करणाऱ्या कमी प्रायोरिटीच्या कामाने एक सामायिक कुलूप धरलं होतं. वरच्या प्रायोरिटीचं एक महत्त्वाचं काम त्या कुलपासाठी थांबलं. तेवढ्यात मधल्या प्रायोरिटीचं, वेळखाऊ संपर्काचं काम आलं आणि नियमाप्रमाणे हवामानाच्या कामाला बाजूला सारून चालू झालं. कुलूप सुटेना, महत्त्वाचं काम पुढे सरकेना. ते वेळेत झालं नाही हे बघून सुरक्षा यंत्रणेने सगळं रीसेट केलं.

अभियंत्यांनी पृथ्वीवरच्या जुळ्या यंत्रणेवर हाच बिघाड घडवून आणला आणि कारण शोधलं. उपाय आधीपासून सिस्टिममध्ये होता, फक्त बंद होता. कुलूप धरणाऱ्याला, वाट बघणाऱ्याची वरची प्रायोरिटी तात्पुरती उसनी द्यायची. ते एक सेटिंग पृथ्वीवरून पाठवून चालू केलं गेलं. विंडोजची चार सेकंदांची दयाही अशाच कोंडीवरचा ओबडधोबड इलाज आहे.

मग जुन्या लॅपटॉपवाल्याने काय करायचं?

या सगळ्या सिस्टिम शेजारी ठेवल्या की एक कल दिसतो. खाली जायची विनंती जवळपास सगळीकडे मान्य होते, तीही परवानगीशिवाय. वर जायची विनंती कुठे गुपचूप कापली जाते, कुठे अधिकार मागते, तर कुठे वहीत लिहून विसरली जाते. लिनक्सवरची जावा तेवढी दोन्हीकडे बहिरी. कारण सरळ आहे. स्वतः मागे सरकणारा कुणाचं नुकसान करत नाही, पुढे घुसणारा दुसऱ्याचा वेळ घेतो.

म्हणून गेमला वर ढकलण्यापेक्षा मागे चाललेलं जड काम खाली आणणं जास्त उपयोगाचं. व्हिडिओ एक्सपोर्ट, मोठी झिप, फोटोंचा बॅकअप, जे काही चालू असेल ते ‘बिलो नॉर्मल’ किंवा ‘लो’ करा. विंडोज ११ मध्ये यासाठी ‘एफिशियन्सी मोड’ आहे. तो प्रोसेसची प्रायोरिटी कमी करतो आणि तिला वीज वाचवायच्या पद्धतीने चालवायला सांगतो. लिनक्सवर नवे आलेल्यांना जड आज्ञेच्या आधी ‘नाइस’ लावता येतं, पासवर्डही लागत नाही.

फोनवर ‘गेम बूस्टर’ शोधणाऱ्यांसाठीही याच नियमात उत्तर आहे. अँड्रॉइडमध्ये प्रत्येक ॲपचा वापरकर्ता-क्रमांक वेगळा असतो, आणि रूट नसलेल्या फोनवर एका ॲपला दुसऱ्या ॲपच्या थ्रेडची प्रायोरिटी बदलता येत नाही. फोन कंपनीने दिलेला गेम मोड सिस्टिमचाच भाग असल्यामुळे त्याला ते जमू शकतं. बाहेरून डाउनलोड केलेला बूस्टर मात्र फार तर बाकीची ॲप बंद करायला सांगू शकतो. त्यातली बरीचशी थोड्या वेळाने आपोआप पुन्हा सुरू होतात, आणि बूस्टर स्वतः मागे चालू राहतो तो वेगळाच.